१५,६२५ ची शिट्टी

(दहावी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "प्रयोगशाळेत ठेवलेल्या त्या पेटीबद्दल वीस मिनिटं बोल." ती पेटी तुम्ही सकाळीच पाहिली आहे. काहींनी तर चहा सोडून तिथे रांग लावली. पण दोन-तीन जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, हा गेम मोबाइलवर चालतो. त्यासाठी चार महिने कशाला घातलेस?" प्रश्न रास्त आहे. माझं आजचं बोलणं म्हणजे त्याचं उत्तर. आणि शेवटी मला एक कबुली द्यायची आहे. ती काकांना द्यायची आहे, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं.

आधी मुलांसाठी थोडं सांगतो. एसटी स्टँडच्या मागे काकांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. पत्र्याचं छप्पर, चार पेट्या, एका रुपयाला एक नाणं. आम्ही सगळे ज्या गेमसाठी तिथे जायचो, त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिक्सवरून. हे सगळं मला आता ठाऊक आहे. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की त्यात पिवळ्या टोपीवाला एक गडी आहे आणि त्याचं नाव मुस्तफा. भारतभर कितीतरी गावांत त्या गेमलाच 'मुस्तफा' म्हणत. आम्हीही म्हणायचो.

पार्लर बंद होऊन वीस वर्षं झाली. स्नेहमेळाव्यात 'आपल्या वेळचा कोपरा' करायचं ठरलं, शाईची पेनं, कॅसेट, दप्तरं जमा होऊ लागली, तेव्हा मी काकांकडे गेलो. त्यांच्या माळ्यावर एक पेटी उरली होती. लाकडाला वाळवी लागली होती, आतलं गेमचं बोर्ड मेलं होतं, पण २० इंची पिक्चर ट्यूब शाबूत होती. काका म्हणाले, "ने. पण ट्यूब सांभाळ. बाकीच्या तीन भंगारात गेल्या, ही एकच राहिली." हे वाक्य लक्षात ठेवा.

बोर्ड मेलं असलं तरी त्यावरच्या चिप्समधला मजकूर वाचता येत होता. तो मी उतरवून घेतला. बोर्ड अस्सल होतं की नक्कल, यात आज शिरत नाही, काका समोर बसले आहेत. असा मजकूर चालवायला 'मेम' नावाचा प्रोग्राम आहे. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने तो १९९७ साली पहिल्यांदा बाहेर काढला, आणि पुढे जगभरच्या शेकडो लोकांनी वाढवला. जुन्या गेमच्या बोर्डाची नक्कल हा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या आत करतो. बोर्डावरचा प्रोसेसर कोणता, घड्याळ किती वेगाचं, पडद्यावर किती रेघा, हे सगळं त्यात नोंदवलेलं असतं. आज जे आकडे सांगणार आहे ते तिथलेच.

मी सोपा रस्ता धरला. ट्यूब काढून बाजूला ठेवली आणि तिथे आजकालचा सपाट मॉनिटर बसवला. एका रविवारी दुपारी गेम सुरू झाला. मला फार आनंद झाला, आणि मी आपल्या मित्राला बोलावलं.

कोणता मित्र ते तुम्ही ओळखलंत. जो एका रुपयात गेम शेवटपर्यंत नेायचा आणि मागे वीस पोरं उभी असायची. नववीनंतर त्याने शाळा सोडली, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागला आणि पुढे ते दुकान त्याचंच झालं. आता तिथे मोबाइलच्या काचा बदलतात. तो आत्ता सभागृहात नाही, प्रयोगशाळेत पेटीपाशी उभा आहे, म्हणून त्याच्याबद्दल मोकळेपणाने बोलतो.

त्याने दोन मिनिटं खेळून दांडा सोडला आणि म्हणाला, "हे अडखळतंय."

मी म्हटलं, "छे, कॉम्प्युटर चांगला ताकदवान आहे."

"ताकदीचं नाही सांगत. मधूनमधून अडखळतंय."

मला काहीच दिसत नव्हतं. मी इंजिनिअर, तो नववी पास. मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण आलं. मग तो म्हणाला, "थांब, मी टिचकी मारतो." मुस्तफाला सरळ चालवत ठेवून तो डोळे पडद्यावर रोखून बसला, आणि अडखळलं की टेबलावर टिचकी मारायचा. मी मोबाइलवर वेळ लावली. टिचक्या साधारण पावणेतीन सेकंदांनी पडत होत्या. एकदा नाही, दोनदा नाही, सतत.

तेव्हा मी कागद घेतला. प्रयोगशाळेत सर आम्हाला सांगायचे, "आधी मोजा, मग बोला." मी आधी बोललो होतो, आता मोजायला बसलो.

या गेमच्या बोर्डावर पडद्यासाठीचं घड्याळ सेकंदाला ८० लाख ठोके देतं, म्हणजे ८ मेगाहर्ट्‌झ. एका ठोक्याला एक ठिपका. एका रेघेला ५१२ ठोके लागतात. त्यातल्या ३८४ ठोक्यांत चित्र असतं, उरलेल्या वेळात किरण परत डावीकडे येतो. अशा २६२ रेघा झाल्या की एक चित्र पूर्ण, त्यातल्या २२४ रेघा आपल्याला दिसतात. आता भागाकार करा. ८०,००,००० भागिले ५१२, उत्तर १५,६२५. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. त्याला २६२ ने भागा, ५९.६३७. म्हणजे सेकंदाला साठाला थोडी कमी चित्रं.

सपाट मॉनिटर मात्र सेकंदाला बरोबर ६० चित्रं मागतो. गेम ५९.६३७ देतो. तूट ०.३६३ ची. ती तूट साठत जाते आणि पावणेतीन सेकंदांनी एक पूर्ण चित्र कमी पडतं. तेव्हा मॉनिटर आधीचंच चित्र पुन्हा दाखवतो. हीच ती टिचकी. तीस वर्षांनंतर त्याच्या डोळ्यांनी साठाव्या हिश्शाची चूक पकडली होती, आणि मी त्याला 'छे' म्हटलं होतं.

गेम थोडा वेगाने पळवून ६० वर आणता येतो. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, बहुतेकांना कळतही नाही. पण दुसरी गोष्ट होतीच. सपाट मॉनिटरवर १,०८० ओळी असतात आणि गेमच्या २२४. भागाकार ४.८२ येतो. म्हणजे गेमची एखादी रेघ चार ओळी जाड, दुसरी पाच ओळी जाड. चित्र सरकलं की जाड-बारीक रेघांची लाट फिरते. ती लपवायला चित्र पुसट करावं लागतं. मित्र म्हणाला, "मुस्तफाच्या टोपीला तूप लावल्यासारखं दिसतंय." मग ठरलं, ट्यूबच लावायची.

इथून खरी गोष्ट सुरू होते. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला चित्र पाठवतं ते एका ठरलेल्या मापाने. त्या मापाला 'मोड' म्हणतात. त्यात घड्याळाचा वेग असतो, रेघेतले ठिपके असतात, एकूण रेघा असतात, आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी 'आता परत फीर' असं सांगणारा एक इशारा असतो. त्याला सिंक म्हणतात. कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर जी पांढरी अक्षरं येतात, त्या मोडमध्ये सेकंदाला साधारण ३१,४६९ रेघा असतात. काकांच्या ट्यूबची चासी टीव्हीची, ती १५,६२५ च्या आसपास चालणारी. म्हणजे कॉम्प्युटर जन्मतःच तिच्या दुप्पट वेगाने बोलतो. मी योग्य मोड तयार केला तरी तो कामाला येणार सगळं सुरू झाल्यानंतर. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात कॉम्प्युटर आपल्याच वेगाने बोलणार.

हे मी वाचलं होतं. पण उत्साह वाईट. एका रात्री साडेअकराला, मित्राला न विचारता, घरच्या जुन्या कॉम्प्युटरची व्हीजीए केबल कापून मी तारा ट्यूबच्या चासीला जोडल्या आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. पडद्यावर दोन चिरडलेली चित्रं शेजारीशेजारी आली, फाटलेली, तिरकी. तीन-चार सेकंद मी बघतच राहिलो. मग 'टक्' असा आवाज झाला, जळका वास आला, आणि पडदा काळा.

काका, तुमच्याकडून ट्यूब आणल्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

त्या रात्री झोप लागली नाही. पैशाचा प्रश्न नव्हता. बाजारात जाऊन अशी दुसरी घेता आली असती तर काही वाटलं नसतं. सकाळी सात वाजता मी मित्राच्या दारात. तो काही बोलला नाही. पेटीमागे बसला, तासाभराने म्हणाला, "आउटपुट ट्रान्झिस्टर गेलाय. ईएचटी वाचला, ट्यूब वाचली. अजून पाच सेकंद चालू ठेवलं असतंस तर मी काही करू शकलो नसतो." ट्रान्झिस्टर त्याच्या जुन्या डब्यात होता. त्याने तो बदलला आणि मला एक अट घातली, "यापुढे ट्यूबला तार लावायच्या आधी मला मीटरवर आकडा दाखवायचा."

म्हणजे सरांचंच वाक्य, त्याच्या तोंडून.

मल्टिमीटरमध्ये हर्ट्‌झ मोजायची सोय असते. व्हीजीएच्या १३ नंबरच्या पिनवर रेघांचा सिंक असतो, १४ वर चित्रांचा. १३ नंबरवर मीटर लावला की सेकंदाला किती रेघा जातात ते आकड्यात कळतं. ट्यूबला हात न लावता. पुढचे तीन महिने ट्यूब चादरीखाली होती आणि आम्ही मीटरशी बोलत होतो.

पहिला प्रश्न कार्डाचा. ट्यूबला लागतो जुन्या पद्धतीचा, चढउताराचा सिग्नल, ज्याला अ‍ॅनालॉग म्हणतात. आजची कार्डं तो देतच नाहीत. एनव्हिडियाच्या २०१६ सालच्या १० मालिकेपासून तो गेला, एएमडीच्या वरच्या कार्डांतून त्याआधीच जायला लागला होता. मधे डबी लावून डिजिटलचं अ‍ॅनालॉग करता येतं, पण डिजिटल केबलचा एक नियम आहे: घड्याळ २५ मेगाहर्ट्‌झच्या खाली नेायचं नाही. आपल्या गेमचं घड्याळ ८. म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन मी एक जुनं कार्ड शोधलं, ज्यातून थेट अ‍ॅनालॉग निघतं. ते लिनक्सवर चालवायला घेतलं, कारण तिथे स्वतः लिहिलेला मोड कार्डापर्यंत पोचवणं सोपं जातं.

कार्ड बसवलं, मोड लिहिला, मीटर लावला. आकडा आला शून्य.

पूर्ण दिवस गेला. कार्ड जिवंत होतं, दुसऱ्या मॉनिटरवर चित्र येत होतं. मग उलगडा झाला. आजचा मॉनिटर जोडला की तो केबलमधून आपली माहिती कार्डाला देतो. मी अमुक कंपनीचा, माझी मापं ही, मला इतक्या रेघा चालतात. आपल्या भाषेत दाखला म्हणा. तो पाहून कार्ड प्रवेश देतं. आमच्या मीटरकडे दाखला नव्हता. ट्यूबकडेही नाही, ती जन्मली तेव्हा दाखल्याची पद्धतच नव्हती. म्हणून कार्डाच्या लेखी तिथे कोणी नव्हतंच, आणि जिथे कोणी नाही तिथे सिग्नल कशाला पाठवा?

उपाय असा की दाखला आपणच लिहायचा. १२८ बाइटची एक छोटी फाइल असते. तिच्यात ट्यूबची खरी मापं भरली आणि सुरू होतानाच कॉम्प्युटरला सांगितलं, या तोंडाला मॉनिटर जोडलेला आहे असं समज आणि त्याचा दाखला हा घे. खोटं काही लिहिलं नाही. फक्त ज्याच्यासाठी कुणी लिहिलं नव्हतं त्याच्यासाठी लिहिलं.

आता मीटरवर आकडा आला. पण तो होता ३१,२५०.

मी यादी उघडून पाहिली. यादीत माझाच मोड होता, निवडलेला, ३८४ बाय २२४. कार्ड म्हणत होतं, तुमचं काम झालं. मीटर म्हणत होता, नाही झालं. ३१,२५० म्हणजे १५,६२५ ची बरोबर दुप्पट. तेव्हा कळलं की ड्रायव्हरला इतकं मंद घड्याळ पचत नव्हतं. नकार द्यायच्या ऐवजी त्याने गुपचूप प्रत्येक रेघ दोनदा काढायला सुरुवात केली होती आणि यादीत मात्र माझंच माप लिहिलं होतं. यादीवर विश्वास ठेवून तार जोडली असती तर पुन्हा तोच वास आला असता, आणि या वेळी कदाचित ईएचटीसकट. तुमच्यापैकी कुणी हा उद्योग करणार असेल तर एवढं एकच लक्षात ठेवा. मोड यादीत दिसतो याचा अर्थ तो बाहेर पडतोय असा नाही. मोजून बघा.

मंद घड्याळ चालत नाही आणि रेघा तर वाढवायच्या नाहीत. मग काय करायचं? इथे एक युक्ती आहे, ती जगभरचे हे काम करणारे लोक वापरतात, आणि मला ती फार आवडते. पिक्चर ट्यूबला रेघा मोजता येतात, पण रेघेतले ठिपके मोजता येत नाहीत. तिच्या दृष्टीने एक रेघ म्हणजे ६४ मायक्रोसेकंदांचा एक प्रवास. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले ६४. त्यातल्या ४८ भागांत चित्र, १६ भागांत परतणं. त्या ४८ भागांत तुम्ही ३८४ ठिपके ओता की त्याच्या सहापट, किरण त्याच वेगाने जातो.

म्हणून रुंदी सहापट केली. ३८४ चे २,३०४ ठिपके. रेघेचे एकूण ५१२ ठोके होते, त्याचे ३,०७२. घड्याळ ८ चं ४८ मेगाहर्ट्‌झ. गेमचा प्रत्येक ठिपका सहा वेळा शेजारीशेजारी काढायचा. पाटी-पेन्सिल घ्या, ४ कोटी ८० लाख भागिले ३,०७२. पुन्हा १५,६२५. कार्डाला वाटतं आपण भरपूर काम करतोय, ट्यूबला वाटतं काही बदललंच नाही. दोघंही खूश.

मीटर लावला. १५,६२५. शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे होत होता, तेवढंच. मित्राने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "जोड."

चित्र आलं. अंधारं, वरून खाली घरंगळणारं आणि उजवीकडे कापलेलं, पण एकच आणि सरळ. यापुढचं काम बरंचसं त्याचं होतं. अंधारं होतं कारण व्हीजीएतून रंगाचा सिग्नल जेमतेम ०.७ व्होल्टचा निघतो आणि गेमच्या पेटीतल्या चासीला त्याच्या काही पट लागतो. त्याने तीन रंगांसाठी तीन छोटे अ‍ॅम्प्लिफायर बांधले. घरंगळत होतं कारण कॉम्प्युटर रेघांचा आणि चित्रांचा सिंक दोन वेगळ्या तारांनी देतो, चासीला मात्र एकाच तारेत दोन्ही लागतात. एका छोट्या लॉजिक चिपने ते एकत्र केले. तरी थोडं सरकायचं. मग त्याने मागचं व्ही-होल्डचं बटण पिळलं. आठवतं ना, रविवारी ऐन सिनेमाच्या वेळी चित्र पळायला लागलं की वडील टीव्हीच्या मागे हात घालायचे? तेच बटण. टीव्हीची चासी सेकंदाला ५० चित्रांची, गेम साठाजवळ. त्या बटणाने ती जुळवून घेते.

उजवीकडे कापलेलं मी दुरुस्त केलं. एकूण ठोके तेच ठेवून परतण्याचा इशारा थोडा उशिरा दिला की चित्र डावीकडे सरकतं. दर वेळी थोडा थोडा बदल, आणि दर वेळी आधी मीटर. सहाव्या खेपेला मुस्तफा मधोमध आला.

त्या संध्याकाळी मित्राची धाकटी मुलगी डबा घेऊन आली. सहावीत आहे. खोलीत पाऊल टाकताच तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाबा, ही शिट्टी कसली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला कसलीही शिट्टी ऐकू येत नव्हती. मी ट्यूब बंद केली, ती म्हणाली "थांबली". चालू केली, "परत आली". मीटरवर १५,६२५.

ट्यूबचा किरण सेकंदाला जितक्यांदा परततो, तितक्यांदा ईएचटीचा गाभा आणि गुंडाळ्या थरथरतात. १५,६२५ हर्ट्‌झचा आवाज लहान मुलांना स्वच्छ ऐकू येतो. वय वाढलं की कानाचं वरचं टोक आधी जातं, आणि आमच्या वयाला तो बहुतेकांना ऐकू येत नाही. ३१,००० चा तर कुठल्याच माणसाला येत नाही. म्हणजे त्या मुलीने कानाने सांगितलं की आकडा बरोबर आहे.

आणि मग मला आठवलं. आपल्याला ही शिट्टी यायची! शेजारच्या घरात टीव्ही लागला की आवाज बंद असला तरी भिंतीपलीकडून कळायचं. दूरदर्शनचं चित्र ६२५ रेघांचं. निम्म्या रेघा आधी, निम्म्या नंतर, म्हणजे एका वेळी तीनशे साडेबारा, सेकंदाला ५० वेळा. ३१२.५ गुणिले ५०. करा गुणाकार. १५,६२५. जपानमधल्या गेमच्या बोर्डाचा आणि आपल्या दूरदर्शनचा आकडा एकच, शिट्टी एकच. सगळ्या गेमचं असं नसतं. पॅकमॅनच्या सेकंदाला १६,००० रेघा आहेत आणि ६०.६ चित्रं. आर-टाइपची ५५ चित्रं, मॉर्टल कॉम्बॅटची ५४.७. तेव्हा प्रत्येक बोर्ड आपला मॉनिटर बरोबर घेऊन यायचं, त्यामुळे बनवणाऱ्याला जो आकडा सोयीचा तो तो घ्यायचा. म्हणून प्रत्येकासाठी मोड वेगळा लिहावा लागतो. पण मुस्तफाचा आकडा आपल्या घरातलाच निघाला, याचा मला उगाच आनंद झाला.

शेवटची परीक्षा मित्राची. त्याने दांडा धरला, दोनदा पुढे दाबून धावत लाथ मारली, आणि पहिला बॉस होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "बटण दाबल्यावर किंचित उशिरा लागतंय." या वेळी मी 'छे' म्हटलं नाही. शोधलं. प्रोग्राम दोन चित्रं आधी तयार करून रांगेत ठेवत होता. ती रांग काढून टाकली. तो पुन्हा खेळला, आणि या खेपेला त्याने टिचकी मारली नाही.

राहिला तो सुरुवातीचा धोका, कॉम्प्युटर चालू होतानाचा. त्यावरही उत्तर त्यानेच काढलं. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये लाइट आल्यावर काही वेळ थांबून वीज देणारी सोय असते. जुन्या स्टॅबिलायझरमधली ती त्याने काढली आणि ट्यूबच्या वायरीत बसवली. आता पेटी सुरू केली की तीन मिनिटं पडदा काळा राहतो. तोवर कॉम्प्युटर आपली पांढरी अक्षरं कुणालाही न दाखवता उरकून घेतो. लाइट जाऊन आली तरी पुन्हा तीन मिनिटं. सकाळी ज्यांनी "बंद पडलंय वाटतं" म्हणून पेटीला थाप मारली, त्यांनी कृपया थाप मारू नये, वाट पाहावी. आणि गेम मधेच गोठला तर आधी ट्यूबचं लाल बटण बंद करायचं, कॉम्प्युटर नंतर.

तर, 'मोबाइलवर चालतो तर चार महिने कशाला' याचं उत्तर. मोबाइलवर गेमला आपल्या मापात बसवलेलं असतं. या पेटीत आम्ही कॉम्प्युटरला गेमच्या मापात बसवलं. फरक साठाव्या हिश्शाचा आहे, पण ज्याला तो कळतो त्याला कळतो, आणि मला तो त्याच्यामुळे कळला.

आता कबुली. काका, तुम्ही सांगितलं होतं ट्यूब सांभाळ, आणि मी ती एका रात्री जवळजवळ जाळली होती. तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय. चार महिने मी तुमच्या दुकानावरून जाताना मान खाली घालून गेलो. माफ करा. ट्यूब वाचली ती माझ्यामुळे नाही.

आणि संयोजकांना एक विनंती. आजच्या बोलावण्याची यादी दहावीच्या निकालावरून केली होती, म्हणून नववीत शाळा सोडलेल्यांची नावं त्यात नाहीत. आमचा मित्र आज आला आहे तो पेटी सांभाळणारा मेकॅनिक म्हणून. त्याच्या छातीवर बिल्ला नाही. नववीपर्यंत तो आपल्याच बाकांवर बसला होता, आणि सरांचं 'आधी मोजा, मग बोला' आमच्यापैकी फार थोड्यांनी त्याच्याइतकं पाळलं असेल. असे आणखीही असतील. यादी पुन्हा एकदा पाहावी.

आता जेवणाआधी प्रयोगशाळेत चला. रुपया लागणार नाही. बरोबर एखादं लहान मूल घेऊन जा आणि त्याला विचारा शिट्टी येते का. ते 'हो' म्हणालं की समजा, आकडा बरोबर आहे.

(या भाषणानंतर नववीपर्यंत शिकलेल्या अकरा जणांची नावे स्मरणिकेच्या यादीत घेतली आहेत. – संपादक मंडळ)